चाळीस वर्षांचा पैसा

काही पैशाला घाई नसते. शेअर बाजारात रोजची उलाढाल करणाऱ्याला संध्याकाळच्या भावाशी मतलब असतो. विद्यापीठाचा स्थायी निधी, कामगारांचा पेन्शन फंड, चर्चची मालमत्ता, विमा कंपनीची गंगाजळी यांचा हिशेब मात्र पिढ्यांचा असतो. हार्वर्ड विद्यापीठ १६३६ साली सुरू झाले आणि ते आणखी काही शतके चालेल असे धरूनच त्याचा निधी सांभाळला जातो. पंचविशीत नोकरीला लागलेल्या शिक्षिकेच्या पगारातून पहिला हप्ता कापला जातो, तेव्हा त्याचे पैसे तिच्या हातात पडायला पस्तीस-चाळीस वर्षे असतात. तोवर हा पैसा पडून राहत नाही. विश्वस्त तो शेअर, रोखे, इमारती यांत गुंतवतात आणि त्या परताव्यातून पुढे शिष्यवृत्त्या, संशोधन आणि निवृत्तिवेतन भागते.

विसाव्या शतकात अशा निधींमध्ये कोळसा आणि तेल कंपन्यांना मानाचे स्थान होते. त्या मोठ्या होत्या, जुन्या होत्या आणि लाभांश वेळेवर देत होत्या. १९८० च्या सुमारास अमेरिकेच्या एस अँड पी ५०० या निर्देशांकात ऊर्जा कंपन्यांचा वाटा पाव हिश्श्याहून अधिक होता. त्यांचे शेअर घ्यायचे नाहीत असे म्हणणारा विश्वस्त त्या काळी वेडा ठरला असता.

गेल्या दशकभरात हे चित्र पालटले. विद्यापीठे, चर्च, शहरे, पेन्शन फंड, एवढेच काय पण तेलावर श्रीमंत झालेला एक देशही जीवाश्म इंधनांतून आपला पैसा पूर्णपणे किंवा अंशतः काढून घेऊ लागला. त्याची सुरुवात कशी झाली, त्यातून काय साधले आणि काय साधले नाही, ते या प्रकरणात पाहू.

तीन आकडे

२०११ साली लंडनमधील कार्बन ट्रॅकर या छोट्या अभ्याससंस्थेने एक अहवाल काढला. तो लिहिणारे लोक वित्तक्षेत्र आतून जाणणारे होते. जगातील कोळसा, तेल आणि वायू कंपन्यांच्या ताळेबंदांत जमिनीखालचे जे साठे मालमत्ता म्हणून दाखवले आहेत, ते सगळे जाळले तर किती कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल, हे त्यांनी मोजले. पुढच्या वर्षी, जुलै २०१२ मध्ये, बिल मॅककिबेन या अमेरिकी लेखकाने ‘रोलिंग स्टोन’ मासिकातल्या लेखात हे गणित तीन आकड्यांत मांडले.

पहिला आकडा २. पृथ्वीचे सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत २ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त वाढू द्यायचे नाही, हे जगातल्या सरकारांनी मान्य केले होते. दुसरा आकडा ५६५. ही मर्यादा पाळली जाण्याची बऱ्यापैकी शक्यता राखायची, तर शतकाच्या मध्यापर्यंत आणखी ५६५ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडच हवेत सोडता येणार होता. तिसरा आकडा २,७९५. ताळेबंदांतले सारे साठे जाळले, तर इतके अब्ज टन बाहेर पडणार होते. म्हणजे जेवढे जाळणे परवडणार होते, त्याच्या जवळपास पाचपट इंधन कंपन्यांच्या आणि काही देशांच्या नावावर आधीच मांडलेले होते.

तलावात एका पिकापुरते पाणी असताना पाच पिकांचे उत्पन्न धरून त्यावर कर्ज उचलावे, तसा हा प्रकार होता. शेअरचा भाव ठरतो तो पुढच्या कमाईच्या अंदाजावर. कंपनीचे बहुतेक साठे जमिनीतच राहणार असतील, तर तो भाव फुगलेला आहे. जग हवामानाबद्दल गंभीर झाले, तर हे साठे बुडीत मालमत्ता ठरणार. जग गंभीर झालेच नाही, तर शेअरचा भाव टिकेल, पण मग ज्या समाजात ते निवृत्तिवेतन खर्च व्हायचे त्याचीच घडी विस्कटेल. पुढच्या वर्षीच्या नफ्याकडे पाहणाऱ्याला हे दोन्ही धोके दूरचे वाटतील. चाळीस वर्षांचा विचार करणे हेच ज्याचे काम, त्याला दोन्हींपैकी एकाशी गाठ पडणारच.

छोट्या कॉलेजांची सुरुवात

चळवळीची ठिणगी मॅककिबेनच्या लेखाच्या आधीच पडली होती. पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी ॲपलाचियन डोंगररांगांतली कोळसा काढण्याची पद्धत पाहिली. तिथे सुरुंग लावून डोंगराचा माथाच उडवतात, निघालेला राडारोडा खालच्या दऱ्यांत लोटतात आणि त्याखाली ओढे गाडले जातात. आपल्या कॉलेजचा निधी या उद्योगात आहे का, असा प्रश्न त्यांनी परतल्यावर विचारला. जीवाश्म इंधनांतून निधी काढून घ्या, अशी २०११ च्या सुमारास त्यांनी सुरू केलेली मोहीम ही या प्रकारची पहिली मोहीम मानली जाते. स्वार्थमोरच्या विश्वस्तांनी त्यांची मागणी मान्य केली नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये मेन राज्यातल्या युनिटी कॉलेजने मात्र ती मान्य केली. त्याचा सारा निधी जेमतेम १.३ कोटी डॉलरचा. तेल कंपन्यांच्या हिशेबात ही रक्कम नगण्य होती, पण एका संस्थेने हे करून दाखवले होते.

या विद्यार्थ्यांसमोर एक जुना धडा होता. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी राजवटीशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांतून पैसा काढा, ही मागणी १९७० च्या दशकात अमेरिकी विद्यापीठांत सुरू झाली. मॅसॅच्युसेट्समधील हॅम्पशायर कॉलेजने १९७७ मध्ये पहिले पाऊल टाकले. कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९८६ मध्ये सुमारे ३ अब्ज डॉलरची गुंतवणूक काढण्याचे ठरवले आणि त्याच वर्षी अमेरिकी संसदेने अध्यक्ष रीगन यांचा नकाराधिकार डावलून दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध लादणारा कायदा केला. त्या लढ्यातले आर्चबिशप डेस्मंड टूटू यांनी २०१४ मध्ये तेच हत्यार जीवाश्म इंधनांविरुद्ध वापरण्याचे आवाहन केले, तेव्हा या मागणीला फार मोठे नैतिक बळ मिळाले.

हार्वर्डचा नकार

ऑक्टोबर २०१३ मध्ये हार्वर्डच्या अध्यक्षा ड्रू फॉस्ट यांनी विद्यार्थ्यांची मागणी जाहीर पत्राने फेटाळली. त्यांचे मुद्दे आजही ठिकठिकाणी मांडले जातात, म्हणून ते नीट समजून घ्यायला हवेत. निधी हा शिक्षणासाठी आहे, राजकीय दबावाचे साधन म्हणून नाही, हा त्यांचा पहिला मुद्दा. आपण विकलेले शेअर दुसरा कोणी घेईल, कंपनीला झळ बसणार नाही, हा दुसरा. ज्या इंधनावर आपण रोज अवलंबून आहोत, त्याच्या उत्पादकांना वाळीत टाकण्यात विसंगती आहे, हा तिसरा. आणि भागधारक म्हणून आत राहिलो तर कंपनीला बदलता येईल, हा चौथा.

यातल्या दुसऱ्या मुद्द्यात तथ्य होते. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या स्मिथ स्कूलने त्याच वर्षी तंबाखू आणि वर्णभेद यांसह आधीच्या अशा मोहिमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष असा होता की विद्यापीठांनी शेअर विकल्याने तेल कंपन्यांच्या शेअरचा भाव फारसा हलत नाही. अशा मोहिमांचा खरा परिणाम होतो तो प्रतिष्ठेवर. एखाद्या उद्योगाला कलंक लागला की कायदे कडक होतात, बँका हात आखडता घेतात, हुशार तरुण त्या क्षेत्राकडे फिरकत नाहीत आणि राजकारण्यांना त्या उद्योगाशी जवळीक जड जाते.

रॉकफेलरांचे वारस आणि गव्हर्नरचे भाषण

२२ सप्टेंबर २०१४ रोजी, न्यूयॉर्कमधील संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेच्या आदल्या दिवशी, रॉकफेलर ब्रदर्स फंडाने जीवाश्म इंधनांतून बाहेर पडण्याची घोषणा केली. निधी होता सुमारे ८६ कोटी डॉलरचा. जॉन डी. रॉकफेलर यांनी १८७० मध्ये स्टँडर्ड ऑइल स्थापन केली आणि अमेरिकेचा तेल व्यवसाय मुठीत घेतला. त्या कंपनीचे तुकडे होऊन ज्या कंपन्या जन्मल्या, त्यांतूनच आजची एक्झॉनमोबिल उभी राहिली. त्याच तेलाच्या संपत्तीतून हा धर्मादाय निधी आला होता. ज्यांची संपत्ती तेलातून आली, तेच तेलात भविष्य नाही असे म्हणू लागले, तेव्हा ही फक्त विद्यार्थ्यांची हौस आहे असे म्हणण्याची सोय उरली नाही.

वर्षभराने, २९ सप्टेंबर २०१५ रोजी, बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर मार्क कार्नी लंडनच्या लॉइड्स या विमाबाजारात बोलले. वादळे, पूर, वणवे यांची नुकसानभरपाई मोजणारी ही माणसे. हवामान बिघडल्याची पहिली खबर त्यांच्याच हिशेबवहीत उमटते. कार्नींनी क्षितिजाचा मुद्दा मांडला. उद्योगांचे नियोजन काही वर्षांचे असते, राजकारण्यांचे निवडणुकीपुरते आणि मध्यवर्ती बँकेचेही त्याहून थोडेच पुढचे. हवामानबदलाचे मोठे तडाखे या सगळ्या क्षितिजांच्या पलीकडे आहेत. ते स्पष्ट दिसू लागतील, तेव्हा उपाय करण्याची वेळ टळून गेलेली असेल. साठ्यांचा मोठा भाग बुडीत ठरू शकतो, हेही त्यांनी सांगितले.

या भाषणाने युक्तिवादाची भाषा बदलली. तोवर विश्वस्तांना विचारले जात होते, हे तुमच्या विवेकाला पटते का? आता प्रश्न आला, ही जोखीम तुम्ही मोजली आहे का? विवेकाच्या प्रश्नावर विश्वस्त नम्रपणे असहमत होऊ शकतो. जोखीम मोजणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे. विद्यार्थ्यांनी नैतिक प्रश्न लावून धरला नसता, तर हा हिशेबाचा प्रश्न संचालक मंडळांच्या टेबलावर इतक्या लवकर आला नसता असे मला वाटते.

देश जेव्हा गुंतवणूकदार असतो

नॉर्वेला १९६९ मध्ये उत्तर समुद्रात मोठा तेलसाठा सापडला. तेल संपल्यावर पुढच्या पिढ्यांचे काय, या विचाराने त्या देशाने १९९० मध्ये कायदा करून निधी स्थापन केला आणि १९९६ पासून तेलाचे उत्पन्न त्यात साठवायला सुरुवात केली. आज हा जगातील सर्वांत मोठ्या सरकारी निधींपैकी एक आहे आणि जगभरच्या नोंदणीकृत शेअरांपैकी सुमारे दीड टक्का एकट्या त्याच्याकडे आहेत. जून २०१५ मध्ये नॉर्वेच्या संसदेने ठरवले की ज्या कंपन्यांचे ३० टक्के किंवा अधिक उत्पन्न कोळशातून येते, किंवा ज्यांचे ३० टक्के कामकाज कोळशावर चालते, त्यांत हा पैसा राहणार नाही. २०१९ मध्ये हे निकष आणखी कडक झाले. त्यामुळे वर्षाला २ कोटी टनांहून अधिक औष्णिक कोळसा काढणाऱ्या किंवा १० हजार मेगावॅटहून अधिक कोळसावीज क्षमता असणाऱ्या कंपन्या बाहेर गेल्या. केवळ तेल शोधून उपसणाऱ्या कंपन्यांतूनही टप्प्याटप्प्याने बाहेर पडायचे ठरले. त्याचे कारण रोखठोक होते. देशाची मिळकत आधीच तेलावर आहे, मग बचतही तेलावरच कशाला ठेवायची? नॉर्वे स्वतः तेल उपसतच आहे, ही विसंगती खरी आहे. तरीही तेलाचा धंदा सर्वांत जवळून जाणणाऱ्या देशाला आपल्या नातवंडांचा पैसा त्या धंद्यावर टांगून ठेवणे धोक्याचे वाटले, हे नजरेआड करता येत नाही.

आयर्लंड याहून पुढे गेला. अपक्ष खासदार थॉमस प्रिंगल यांनी मांडलेले विधेयक २०१८ मध्ये मंजूर झाले आणि राष्ट्रीय गुंतवणूक निधीने पाच वर्षांत जीवाश्म इंधन कंपन्यांतून बाहेर पडावे असे कायद्याने ठरले. असा कायदा करणारा तो पहिला देश. रक्कम होती सुमारे ३२ कोटी युरो.

मग मोठी विद्यापीठेही हलली. सप्टेंबर २०१९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मुख्य गुंतवणूक अधिकारी जगदीप सिंग बच्छर यांनी जाहीर केले की विद्यापीठाचा स्थायी निधी आणि पेन्शन फंड जीवाश्म इंधनांतून बाहेर पडत आहेत आणि त्याचे कारण आर्थिक जोखीम हे आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हार्वर्ड आणि येल यांच्या फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात विद्यार्थी मैदानात बसले आणि सामना खोळंबला. पुढच्या फेब्रुवारीत हार्वर्डच्या प्राध्यापकांनी मोठ्या बहुमताने त्यांना पाठिंबा दिला. सप्टेंबर २०२१ मध्ये अध्यक्ष लॉरेन्स बॅको यांनी जाहीर केले की विद्यापीठाची या क्षेत्रात आता थेट गुंतवणूक नाही आणि पुढे केली जाणार नाही. इतर फंडांमार्फत असलेला थोडा हिस्साही हळूहळू संपेल. २०१३ चा नकार आठ वर्षांत मागे पडला.

मग साधले काय?

आजवर सुमारे १,६०० संस्थांनी अशी बांधिलकी जाहीर केली असून त्यांची एकत्रित मालमत्ता ४० लाख कोटी डॉलरच्या आसपास आहे. हा आकडा नेहमी चुकीचा वाचला जातो. एवढा पैसा कोळसा-तेलातून निघालेला नाही. ती या संस्थांची एकूण मालमत्ता आहे. प्रत्यक्षात काढलेली रक्कम त्याचा छोटा अंश आहे आणि काही संस्थांनी फक्त कोळसाच वगळला आहे. युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये तेल कंपन्यांनी विक्रमी नफा कमावला, तेव्हा बाहेर पडलेल्यांना त्या वर्षीच्या परताव्याला मुकावे लागले. शिवाय विकलेला शेअर किंवा विकलेली खाण कोणाच्या हाती जाते, हाही प्रश्न आहे. ताळेबंद जाहीर करणाऱ्या नोंदणीकृत कंपनीकडून मालमत्ता एखाद्या खासगी मालकाकडे गेली, तर उत्पादन तेच राहते आणि देखरेख कमी होते. अमेरिकेत टेक्सासने २०२१ मध्ये उलट कायदा करून तेल उद्योगावर बहिष्कार घालणाऱ्या वित्तसंस्थांपासून सरकारी निधी दूर ठेवायचे ठरवले.

आत राहून बदल घडवण्याच्या मार्गाचीही परीक्षा झाली. मे २०२१ मध्ये इंजिन नंबर वन या अगदी छोट्या फंडाने मोठ्या भागधारकांना सोबत घेऊन एक्झॉनमोबिलच्या संचालक मंडळावर आपले तीन उमेदवार निवडून आणले. तो मोठा विजय होता. पण जानेवारी २०२४ मध्ये हवामानविषयक ठराव मांडणाऱ्या दोन भागधारक गटांवर याच कंपनीने दावा लावला. चर्च ऑफ इंग्लंडने तेल कंपन्यांशी अनेक वर्षे संवाद केला, बदलासाठी मुदत दिली आणि कंपन्यांच्या योजना पुरेशा नाहीत असे ठरवून जून २०२३ मध्ये उरलेल्या बड्या तेल कंपन्यांतूनही बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. संवादाला मुदत आणि शेवटी दार असले तरच समोरचा तो गंभीरपणे घेतो, हे या अनुभवातून दिसते.

खरा दाब शेअरपेक्षा कर्जावर पडतो. शेअर विकला तर कंपनीच्या तिजोरीतून काही जात नाही, कारण तो व्यवहार दोन गुंतवणूकदारांमधला असतो. नवी खाण काढायची, नवे वीजकेंद्र बांधायचे, तर मात्र नवे कर्ज आणि विमा लागतो. याचे उदाहरण आपल्याला थेट मुंबईपर्यंत आणते. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातील कारमायकेल ही अदानी समूहाची कोळसा खाण वर्षाला ६ कोटी टनांपर्यंतच्या उत्पादनासाठी आखली होती. जगातील अनेक बड्या बँका एकामागून एक तिच्यापासून दूर राहिल्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये, मुंबईत मुख्यालय असलेल्या स्टेट बँकेशी १ अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जाचा सामंजस्य करार झाला, पण ते कर्ज रखडले. अखेर २०१८ मध्ये समूहाने स्वतःच्या पैशाने वर्षाला सुमारे १ कोटी टनांची छोटी खाण काढायचे ठरवले. २०२० मध्ये स्टेट बँकेच्या कर्जाची चर्चा पुन्हा उठली, तेव्हा २७ नोव्हेंबरला सिडनीतील भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामन्यात दोन निदर्शक त्या कर्जाविरुद्धचे फलक घेऊन मैदानात शिरले. त्याच सुमारास आमुंडी या युरोपातील बड्या गुंतवणूक संस्थेने सांगितले की बँकेने हे कर्ज दिले, तर आम्ही तिचे हरित रोखे विकून टाकू. खाण थांबली नाही. २०२१ च्या अखेरीस तिचा पहिला कोळसा जहाजात भरला गेला. पण ती आखलेल्या आकाराच्या लहानशा हिश्श्यावर आली आणि तिला अनेक वर्षे उशीर झाला. या मार्गाने मिळणारे यश साधारण एवढ्या मापाचे असते आणि ते लहान समजू नये.

आपल्या पीएफचा प्रश्न

भारतात हीच मागणी जशीच्या तशी उचलणे योग्य नाही. देशाची जवळपास तीन चतुर्थांश वीज कोळशातून येते. चंद्रपूर, वणी, उमरेडच्या खाणपट्ट्यांत हजारो घरे या कामावर उभी आहेत. कोल इंडियाची बहुसंख्य मालकी केंद्र सरकारकडे आहे, तेव्हा एखाद्या फंडाने तिचे शेअर विकले म्हणून खाणींचे धोरण बदलणार नाही. ज्या देशाने इतिहासात दरडोई कमी जाळले, त्याने श्रीमंत देशांच्याच वेगाने हात आवरावा ही मागणी न्यायाची नाही.

पण मुदतीचा प्रश्न आपल्यालाही चुकत नाही. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना ऑगस्ट २०१५ पासून नव्या रकमेचा काही भाग ईटीएफमार्फत, म्हणजे अनेक शेअरांचा तयार संच असलेल्या फंडांमार्फत, शेअर बाजारात गुंतवते. त्यांतल्या सरकारी कंपन्यांच्या ईटीएफमध्ये ओएनजीसी, एनटीपीसी, कोल इंडिया यांसारख्या कंपन्या आहेत. आयुर्विमा महामंडळ हे कोल इंडियाच्या मोठ्या भागधारकांपैकी एक आहे. म्हणजे नाशिकच्या कारखान्यातला कामगार, पुण्यातली अभियंता आणि साताऱ्यातला विमाधारक हे तिघेही अप्रत्यक्षपणे या प्रश्नाचे धनी आहेत. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन दिले आहे. आज पंचविशीत असलेला पीएफचा सभासद तेव्हा सत्तरीच्या घरात असेल. ते वचन खरे असेल, तर कोळशाचा धंदा त्याच्या नोकरीच्या काळातच आक्रसू लागायला हवा.

म्हणून ‘विका’ या शब्दाआधी आपल्याकडे ‘दाखवा’ हा शब्द यायला हवा. सेबीने सर्वांत मोठ्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे, त्यामुळे कंपन्यांची माहिती आता मिळू शकते. पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी असतात. त्यांनी विचारावे की ही गुंतवणूक २०६० मध्ये किती मोलाची राहील आणि तो अंदाज कशाच्या आधारे केला आहे. कोळशातून मिळणाऱ्या नफ्याचा किती भाग नव्या ऊर्जेत आणि खाणकामगारांच्या पुढच्या रोजगारात जातो, हेही विचारावे. पटेल असे उत्तर ठरावीक मुदतीत मिळाले नाही, तर पैसा दुसरीकडे नेणे हे विश्वस्तांचे कर्तव्यच ठरते. ज्या सभासदाने चाळीस वर्षांच्या भरवशावर पैसा दिला आहे, त्याला चाळीस वर्षांचा हिशेब मागण्याचा पूर्ण हक्क आहे आणि हा हक्क वापरायला त्याने निवृत्तीची वाट पाहू नये.